आधी सुनावणी, मग कुंपण: मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री व गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य



मुंबईत बेकायदा राहणाऱ्या बांगलादेशींसाठी एक चांगले स्थानबद्धता केंद्र उभारण्याचा मनोदय आपण २०२४ च्या अखेरीस बोलून दाखवलात. पुढे २ मे २०२५ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने सगळ्या राज्यांना सूचना धाडल्या: जिल्ह्याजिल्ह्यात विशेष पथके नेमा, संशयिताच्या माहितीची ३० दिवसांत पडताळणी करा, तोवर त्याला ठेवण्यासाठी होल्डिंग सेंटर उभी करा. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याची जागा नव्या इमिग्रेशन अँड फॉरिनर्स कायद्याने घेतली. कागदोपत्री सगळे रीतसर चालले आहे. लोकांच्या बोलण्यात मात्र दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, घुसखोरांना हाकला, त्यात चर्चा कसली. दुसरा म्हणतो, आज त्यांना नेले, उद्या आपल्याला छावणीत घालतील. दोघांचेही लक्ष कुंपणाकडे आहे. मला बोलायचे आहे ते त्या कुंपणाच्या फाटकापर्यंत माणूस कसा पोहोचतो याबद्दल, कारण महाराष्ट्रात त्याला तिथवर नेणारे पोलीस आपल्या खात्याचे आहेत.

जे मान्य करायला हवे ते आधी मान्य करतो. विनापरवाना आलेल्या परदेशी माणसाला परत पाठवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. बांगलादेशातून होणारी घुसखोरी कोणाच्या कल्पनेतून निघालेली नाही. आसामात त्यावरून सहा वर्षे आंदोलन पेटले होते आणि १९८५ चा करार त्यातूनच झाला. केंद्र उभारणे हेही मुळात पाप नव्हे. शिक्षा भोगून झालेला परदेशी कैदी केवळ त्याच्या दूतावासाने कागद दिले नाहीत म्हणून तुरुंगातच खितपत पडतो, हा अन्याय आहे. अशांना तुरुंगाबाहेर वेगळे ठेवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बजावले होते. आणि छावण्यांची भीती घालणाऱ्यांनी पुष्कळ अतिशयोक्ती केली, हेही खरे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसामच्या नागरिक नोंदवहीतून १९,०६,६५७ नावे वगळली गेली, तेव्हा या सगळ्यांना गजाआड घालणार अशी हवा उठली. तसे झाले नाही. गोलपाडा जिल्ह्यातल्या मातिया केंद्राची क्षमता ३,००० माणसांची आहे आणि २०२५ च्या सुरुवातीला तिथे २७० जण होते. त्याची तुलना हिटलरच्या छावण्यांशी करणारे स्वतःचीच बाजू लंगडी करतात. पण अफवेला खतपाणी सरकारनेही घातले. नोव्हेंबर २०१९ मध्ये गृहराज्यमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले की आसामच्या सहा स्थानबद्धता केंद्रांत ९८८ जण आहेत आणि २०१६ पासून तिथे २८ जणांचा मृत्यू झाला आहे. महिनाभराने, २२ डिसेंबरला, पंतप्रधानांनी रामलीला मैदानावरून सांगितले की देशात डिटेन्शन सेंटरच नाही. दोन्ही विधाने ऐकलेल्या माणसाने कशावर विश्वास ठेवायचा?

गृहखात्याचे ठरलेले उत्तर असे असते: ही केंद्रे घुसखोरांसाठी आहेत, भारतीय नागरिकाने घाबरण्याचे कारण नाही. ऐकायला हे बिनतोड वाटते. पण यात निकाल आधीच गृहीत धरून खटलाच टाळलेला आहे. पोलीस ठाण्यात आणून बसवलेला गवंडी घुसखोर आहे की नागरिक, हे त्याच्या कपाळावर लिहिलेले नसते. मुर्शिदाबादचा माणूस आणि सीमेपलीकडच्या राजशाहीचा माणूस यांची भाषा एक, धर्म बहुधा एक, नावेही तीच. चौकशी होण्याआधी कायद्यासमोर ते दोघे अगदी सारखे असतात, आणि फरक कळतो तो चौकशीनेच. म्हणून चौकशी कच्ची ठेवली, तर ती घुसखोरापुरती कच्ची ठेवता येत नाही. घुसखोराला कसली आली सुनावणी, असे विचारणारा नकळत नागरिकाची सुनावणीच काढून घेत असतो. संविधानाच्या अनुच्छेद २१ चे संरक्षण नागरिकांपुरते नाही, या भूमीवरच्या प्रत्येक व्यक्तीला आहे. घटनाकारांच्या औदार्याचे दाखले देताना आपण हे सांगतो. मला वाटते त्यात औदार्यापेक्षा व्यवहारज्ञान अधिक आहे.

आसामात हा प्रयोग करून झाला आहे, म्हणून तिथले दाखले नीट पाहायला हवेत. चिरांग जिल्ह्यातल्या एका गरीब बंगाली हिंदू बाईला पोलिसांनी उचलले. विदेशी न्यायाधिकरणाची कारवाई होती ती तिच्याशी मिळत्याजुळत्या नावाच्या, तोवर वारलेल्या दुसऱ्याच एका बाईविरुद्ध. पहिले नाव जवळपास तेच, आडनाव वेगळे. एवढ्या भांडवलावर ही बाई कोक्राझारच्या केंद्रात जवळजवळ तीन वर्षे राहिली आणि जून २०१९ मध्ये चूक कबूल करून तिला सोडण्यात आले. त्याच उन्हाळ्यात सैन्यात तीस वर्षे नोकरी केलेल्या, मानद हुद्द्यावर निवृत्त झालेल्या एका सैनिकाला परदेशी ठरवून गोलपाड्याच्या केंद्रात टाकले. गुवाहाटी उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. तिसरे प्रकरण नलबाडी जिल्ह्यातले. २०१२ मध्ये न्यायाधिकरणाने एकतर्फी आदेशाने एका माणसाला परदेशी ठरवले. जुलै २०२४ मध्ये न्या. विक्रम नाथ आणि न्या. अहसानुद्दीन अमानुल्ला यांच्या खंडपीठाने तो भारतीय असल्याचा निर्वाळा दिला. नावाच्या स्पेलिंगमधला वा तारखांमधला किरकोळ फरक माणसाचे नागरिकत्व घालवू शकत नाही, आणि हाताशी काही पुरावा असल्याशिवाय वाटेल त्याच्या दारावर थाप मारून ‘तू परदेशी आहेस’ म्हणता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. निकाल लागला तेव्हा तो माणूस हयात नव्हता.

या तिन्ही प्रकरणांच्या मुळाशी एकच तरतूद आहे. सिद्ध करण्याची जबाबदारी पकडणाऱ्यावर नाही, पकडलेल्यावर आहे. १९४६ च्या कायद्याचे कलम ९ हेच सांगत होते आणि नव्या कायद्यानेही ते तसेच ठेवले. याच्या समर्थनार्थ दिला जाणारा युक्तिवाद हलका नाही. माणूस कुठे जन्मला, आईबाप कोण, हे त्यालाच ठाऊक असते, पोलिसांनी ते कुठून शोधायचे? सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आसामसाठीचा वेगळा, पुराव्याचा भार सरकारवर टाकणारा कायदा रद्द केला, तेव्हा हाच तर्क मांडला होता. पण ठाऊक असणे वेगळे आणि कागदावर दाखवता येणे वेगळे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्याच्या एका प्रकरणात जामीन नाकारताना म्हटले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. मग नाक्यावर उभ्या असलेल्या बिगाऱ्याने खिशातून काय काढून दाखवायचे? १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मला असेल तर जन्माचा दाखला पुरे. त्यानंतर, ३ डिसेंबर २००४ च्या आधी जन्मला असेल तर आई किंवा बाप भारतीय असल्याचा पुरावा. त्याही नंतरचा असेल तर दोघांचा हिशेब. विशीतल्या पोराला स्वतःचे नागरिकत्व सिद्ध करायला आईबापांची कागदपत्रे हवीत आणि ती गावी पत्र्याच्या पेटीत, किंवा पुरात गेलेली. महाराष्ट्राला हे परके वाटण्याचे कारण नाही. फासेपारधी, वैदू, डोंबारी यांच्या वस्त्यांवर जातीच्या दाखल्यासाठी लोक पिढ्यानपिढ्या हेलपाटे घालत आहेत, कारण वास्तव्याचा पुरावा नाही. त्यांना कोणी बांगलादेशी म्हणणार नाही, हे मला कळते. कागद नसणे म्हणजे या देशाचे नसणे नव्हे, एवढाच माझा मुद्दा आहे.

पारध्यांचे नाव निघाले म्हणून सोलापूरची आठवण द्यावीशी वाटते, कारण छावणी म्हटले की आपले लोक परदेशातली उदाहरणे शोधत बसतात. सोलापुरात आजही एका भागाला ‘सेटलमेंट’ म्हणतात. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना काटेरी तारेच्या आत ठेवण्यासाठी इंग्रजांनी ती वसवली होती. आतल्या माणसांनी हजेरी द्यायची, कामासाठी गिरणीत जायचे आणि परत आत यायचे. त्यांच्यापैकी कोणी काय गुन्हा केला हे विचारण्याची गरज नव्हती; अमुक जमातीत जन्मला एवढे पुरे होते. या व्यवस्थेचे मूळ असलेल्या १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्टचे एक कलम वाचण्याजोगे आहे. एखादी जमात गुन्हेगार असल्याची अधिसूचना निघाली की तिच्या वैधतेबद्दल कोणत्याही न्यायालयाने प्रश्न करायचा नाही, असे त्यात सरळ लिहिले होते. तार नंतर आली, आधी न्यायालयाचे दार बंद झाले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला आणि भटके-विमुक्त तो दिवस आजही साजरा करतात.

स्वतंत्र भारतानेही हे एकदा केले आहे आणि त्यावर आपण फारसे बोलत नाही. १९६२ च्या युद्धात आसाम आणि दार्जिलिंग भागातून सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत आणले. त्यांतले अनेक जण इथेच जन्मलेले होते. त्या वेळच्या कायद्यानुसार आईबापांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कोणी शत्रुराष्ट्राचे असले तरी पुरे होते. काही कुटुंबे १९६७ पर्यंत आत होती. युद्ध महिनाभरात संपले होते. देवळीची ती जागाही नवी नव्हती: १९४१ मध्ये ब्रिटिशांनी कॉम्रेड डांगे आणि जयप्रकाश नारायण यांना विनाचौकशी तिथेच डांबले होते. बांधलेली छावणी रिकामी राहत नाही असा सिद्धान्त मी मांडत नाही. पण ज्या जागेत परकीय सरकारने देशभक्तांना ठेवले त्याच जागेत वीस वर्षांनी आपल्या सरकारने आपल्याच शेजाऱ्यांना ठेवले, आणि दोन्ही वेळा कारण देशाची सुरक्षा हेच होते. देवळीबद्दल भारत सरकारने आजवर माफी मागितलेली नाही. अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना १९४२ पासून छावण्यांत ठेवले होते, त्यांतले दोन तृतीयांश नागरिक होते. त्या देशाने १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. हा पैसा उशिरा आला, पण चूक झाली होती हे सरकारी कागदावर तरी आले.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येतो. न्यायालये आहेत ना, मग एवढी काळजी कशाला? ज्यावर अन्याय झाला तो हेबियस कॉर्पसची याचिका करील. आपल्याला या उत्तराची मर्यादा मी सांगायला नको. शाह आयोगाच्या आकड्यांनुसार आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ लोक आत गेले. आपले वडील गंगाधरराव फडणवीस यांनीही तेव्हा तुरुंगवास सोसला. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचा दाद मागण्याचा हक्क उचलून धरला होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो फेटाळला. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. बहुमतातल्या न्या. बेग यांनी त्या निकालात लिहिले आहे की सरकार स्थानबद्धांची चांगली राहण्याची, खाण्यापिण्याची सोय करते आणि ही काळजी जवळजवळ मायेची आहे. आपण ‘चांगले’ केंद्र उभारू म्हणालात तेव्हा मला हे वाक्य आठवले. केंद्रात पंखे आहेत का, शौचालये स्वच्छ आहेत का, हे विचारायलाच हवे. जुलै २०२४ मध्ये मातियाच्या पाण्याची आणि शौचालयांची दुर्दशा पाहून सर्वोच्च न्यायालयाने आसाम सरकारचे कान उपटले होते. पण येरवडा तुरुंगातले जेवण बरे होते म्हणून मिसा बरा ठरत नाही.

१९७६ चे ते निकालपत्र २०१७ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाले आणि आज न्यायालये उघडी आहेत, हे कबूल. पण उघडे न्यायालय ज्याच्यापर्यंत पोहोचते तो माणूस देशात असावा लागतो. २०२५ च्या उन्हाळ्यात जे घडले ते याच्याही पलीकडचे होते. मीरा रोडसारख्या भागांतून बंगाली बोलणारे मजूर पोलिसांनी उचलले, सीमा सुरक्षा दलाच्या हवाली केले आणि त्यांना रात्रीच्या अंधारात सीमेपलीकडे ढकलण्यात आले. त्यांतले काही भारतीयच निघाले आणि पश्चिम बंगाल सरकारने कागद दाखवल्यावर त्यांना परत आणावे लागले. दिल्लीत पकडलेल्या बीरभूमच्या एका गरोदर बाईची गोष्ट त्याहून बोलकी आहे. जूनमध्ये तिला कुटुंबासह उचलले आणि काही दिवसांतच सीमेपार धाडले. कलकत्ता उच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०२५ ला या घाईवर बोट ठेवले आणि त्यांना परत आणण्याचा आदेश दिला: केंद्राच्याच सूचनेत ३० दिवसांची पडताळणी सांगितली असताना ती झालीच कुठे? डिसेंबरमध्ये, दिवस भरत आलेले असताना, ती लहान मुलाला घेऊन परतली. हेबियस कॉर्पसने न्यायालय तुरुंगाधिकाऱ्याला ‘माणूस हजर कर’ म्हणू शकते. बांगलादेशाच्या तुरुंगाधिकाऱ्याला काय म्हणणार?

चुका दोनचार होणारच, सुक्याबरोबर ओलेही जळते, असे आपले काही सहकारी म्हणतील. दोनचार की दोनचारशे हे त्यांना कसे कळले? ज्यांचे गाव, पंचायत आणि राज्य सरकार मागे उभे राहिले ते परत आले. ज्यांचे कोणी नाही त्यांची मोजदाद करणारी नोंद महाराष्ट्राने जाहीर केलेली नाही. वेळ लागला तर घुसखोर पसार होतील, हाही आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच काही दिवस ताब्यात ठेवण्याला माझा विरोध नाही. पण उशीर बहुतेक वेळा सुनावणीमुळे होत नाही. परदेशी ठरलेल्या ६३ जणांना मातियात ठेवून आसाम सरकार त्यांचा परदेशातला पत्ता मिळत नसल्याचे सांगत राहिले, तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुहूर्ताची वाट पाहता आहात का, असे विचारले. माणूस आत टाकण्याची घाई आणि मग त्याचे काय करायचे याचा विसर, या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. कोठडी किती काळ चालू शकते याला मूळ कायद्यात मर्यादा नव्हतीच. तीन वर्षांनंतर जामिनावर सोडा हे २०१९ मध्ये न्यायालयाने ठरवले, पुढच्या वर्षी ते दोन वर्षांवर आणले. दोन वर्षे! चोरीच्या आरोपीला २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर नेणाऱ्या देशात.

त्यामुळे आपल्याकडे मागणे आहे ते केंद्र बांधू नका असे नाही. संशयिताला ताब्यात घेतल्यापासून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा आणि विधी सेवा प्राधिकरणाचा वकील त्याला त्याच वेळी द्या. संशय कशावरून आला ते त्याच्या हातात लेखी पडू द्या. ‘बंगाली बोलतो’ हे कारण लेखी द्यायला कोणताही फौजदार कचरेल, आणि तेच हवे आहे. तो सांगतो त्या गावच्या ग्रामपंचायतीला, ठाण्याला आणि जिल्हाधिकाऱ्याला फोन गेला की नाही याची वेळेसकट नोंद स्टेशन डायरीत असावी, आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय एकाही माणसाला सीमा सुरक्षा दलाच्या स्वाधीन करू नये. यातल्या कशालाही दिल्लीची परवानगी लागत नाही. हद्दपारीचे अधिकार केंद्राने राज्यांकडेच सोपवलेले आहेत आणि पोलीस तर आपलेच. केंद्रात किती जण आहेत, किती दिवसांपासून आहेत, किती भारतीय ठरले आणि किती धाडले, हे आकडे दर महिन्याला जाहीर झाले तर अफवांचा बाजारही आपोआप बसेल.

एक गोष्ट मात्र दिल्लीत करण्यासारखी आहे आणि ती आपल्या तोंडी शोभेल. १९७८ मध्ये जनता सरकारने ४४ वी घटनादुरुस्ती केली. तिच्या तिसऱ्या कलमाने प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या सल्लागार मंडळावर उच्च न्यायालयाचे न्यायाधीशच बसवावेत, तेही मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने, आणि मंडळाच्या मताशिवाय कोणाला दोन महिन्यांपेक्षा अधिक ठेवू नये, असे ठरवले. संसदेने ते संमत केले. ते अमलात आणण्याची अधिसूचना मात्र कोणत्याच सरकारने काढलेली नाही: काँग्रेसने नाही, वाजपेयींच्या सरकारने नाही, आणि आजच्या सरकारनेही नाही. आणीबाणीतल्या बंदिवानांना मानधन देण्याची योजना आपल्या सरकारने २०१८ मध्ये सुरू केली. त्यांच्यासाठी संसदेने केलेले कलम चाळीसहून अधिक वर्षे फायलीत पडून आहे. ती अधिसूचना काढण्याची विनंती करणारा ठराव महाराष्ट्राच्या विधिमंडळाने करावा आणि तो आपण स्वतः मांडावा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तो मांडता येईल, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्रातून किती जणांना सीमेपलीकडे धाडले, त्यांतले किती दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले होते, हे उत्तरही त्याच सभागृहात देता येईल.

कळावे,
आपल्या राज्याचा एक नागरिक